बिनबोटीचा नाखवा

नव्या माणसाला नाखवा एकच प्रश्न विचारत: "फुंकणार का बडवणार?" नाव नाही, गाव नाही, घरचे काय करतात हेही नाही. उत्तर 'फुंकणार' असेल तर समोरच्याच्या हातात पितळी वाद्य येई, 'बडवणार' असेल तर काठ्या येत. काहीच सुचत नसेल तर बिस्किटांचा पुडा पुढे सरकवून ते म्हणत, "मंग नुस्तं बस. कान पन लागतात आमाला." कोळीवाड्यामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये येणाऱ्या बहुतेकांनी तोवर साध्या प्रश्नांनाही इतकी बेतलेली उत्तरे दिलेली असत, की ज्याचे उत्तर बेतावे लागत नाही असा प्रश्न ऐकून काही जण तो पुन्हा विचारायला लावत. मी 'फुंकणार' म्हणाले. मला लांब सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन मिळाला, कारण तेव्हा तो फुंकणारे दुसरे कोणी नव्हते.

आमच्या किनाऱ्यावर नाखवा म्हणजे ज्याच्या शब्दावर बोट समुद्रात जाते तो. या अर्थाने त्यांच्या घरचे खरे नाखवा होते त्यांचे मोठे भाऊ. त्यांना आम्ही थोरले म्हणत असू. धाकट्याने, म्हणजे आमच्या नाखव्यांनी, मासेमारीऐवजी परदेशी प्रवासी जहाजाची नोकरी धरली. तिथे ते प्रवाशांच्या जेवणघरात वाढप्याचे काम करत आणि मोकळ्या वेळात एका गोव्याच्या वादकाकडून कॉर्नेट हे छोटे, ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य शिकत. रॅगटाइम त्यांनी ऐकला तो तिथल्याच दिवाणखान्यातल्या पियानोवर. वीस वर्षांनी ते परतले तेव्हा बोटीवर त्यांचा वाटा उरला नव्हता. त्यांनी बँड काढला, आणि वाड्यातल्या कोणीतरी त्यांना कुचेष्टेने 'बिनबोटीचा नाखवा' म्हटले. नाखव्यांना ते इतके आवडले की पुढे ते स्वतःची ओळख तशीच करून देऊ लागले. टोमणा मारणाऱ्याची त्यात फार निराशा झाली.

बँडचा जन्म एका नकारातून झाला. अलिबागपासून उरणपर्यंतच्या काही समलिंगी स्त्री-पुरुषांचा एक छोटा गट तेव्हा नाखव्यांच्या घरी जमत असे. मुंबईत हक्कांसाठी निघणाऱ्या मोर्चात वाजत-गाजत जायचे असे त्यांनी ठरवले आणि लग्नात वाजवणारा एक बँड बोलावला. मोर्चा कशासाठी आहे हे कळताच त्या बँडवाल्यांना एकाएकी दुसरे लग्न निघाले. गटातले लोक खट्टू झाले. नाखवा झाले नाहीत. "बँड मिलत नाय, तर बँड व्हायचं," असे म्हणून त्यांनी बंद पडलेल्या एका वरातीच्या बँडची वाद्ये आणि लाल कोट मिळवले आणि ज्यांनी कधी पिपाणीही फुंकली नव्हती अशा माणसांना उभे केले.

रॅगटाइमच का, हा प्रश्न मी पहिल्याच महिन्यात विचारला. मी तेव्हा पदार्थविज्ञानाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि प्रत्येक निवडीमागे कारण असलेच पाहिजे असे मानत होते. एकोणिसावे शतक सरता सरता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ही शैली घडवली. तिच्यात खालचा ताल लंबकासारखा सरळ चालतो आणि वरची सुरावट त्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे पाऊल टाकते. या दोहोंच्या ओढाताणीतून ऐकणाऱ्याच्या खांद्यांना हालचाल सुचते. नाखव्यांचे उत्तर याहून थोडक्यात होते. "पिच्चरचं गानं घे कुठलं पन. त्याच्यात एक तो, एक ती. आमी वाजवायचं, आनि लोकांनी मनात त्यांचंच गानं म्हनायचं. ह्याच्यात तो नाय, ती नाय, शब्द नाय. ज्याचं त्यानं नाचावं." मग त्यांनी पुस्ती जोडली, की ज्यांना लोक पुढल्या दाराने आत घेत नव्हते त्यांनी हे संगीत केले आणि ते ऐकायला लोक मागल्या दाराशी गर्दी करू लागले, म्हणून ते आपल्याला जमेल.

आमच्या मोठ्या ढोलावर तीन ओळींत नाव रंगवलेले आहे: किनारा, समलिंगी हक्क, रॅगटाइम बँड. मधली ओळ गाळून नुसते 'किनारा बँड' ठेवावे, असे सुचवणारे आमच्यातही होते. नाखवा म्हणत, बारशाला पोराचे नाव ठेवतात तेव्हा ते पाळण्याखाली तोंड घालून सांगत नाहीत. त्यांनी रंगाऱ्याला अक्षरे इतकी मोठी काढायला लावली की ढोलावर रिकामी जागा म्हणून राहिली नाही.

मोर्चाच्या दिवशी आम्ही सकाळच्या बोटीने मांडव्याहून गेटवेला जात असू. एका वर्षी बोटीत आमच्या शेजारी एक म्हातारी मावशी बसली होती. तिने लाल कोट पाहिले आणि नातवाच्या लग्नाला वाजवाल का, असे विचारले. नाखवा म्हणाले, वाजवू. ढोलावर काय लिहिले आहे, तिने विचारले. तिला वाचता येत नव्हते. नाखव्यांनी एकेक शब्दावर बोट ठेवून सगळे वाचून दाखवले. मधल्या ओळीचा अर्थ तिने विचारला, तेव्हा आम्ही सगळे खिडकीबाहेरचे समुद्रपक्षी पाहू लागलो. नाखवा शांतपणे म्हणाले, "पुरुषाचा पुरुषाशी संसार, बाईचा बाईशी. तो करायचा हक्क." मावशीला एकच शंका आली.

"मंग भांडी कोन घासतं?"

"आमच्या घरात मीच," नाखवा म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे जो कोण असेल त्याने, नशीब काढले असा निर्वाळा दिला. तो जो कोण होता तो समोरच्याच बाकावर बसला होता आणि लाजून क्लॅरिनेटची पेटी उघडत-मिटत होता. ते अनंतकाका. नाखव्यांचा त्यांच्याशी संसार जहाजाच्या नोकरीपासूनचा; सुट्टी मिळेल तेवढे मोजके दिवस, आणि नोकरी सुटल्यावर अखंड. अनंतकाका मितभाषी होते. नाखवा त्यांच्या वाट्याचेही बोलत, आणि अनंतकाका दोघांच्या वाट्याचे सूर नीट लावत.

हळदीच्या मांडवातल्या बेंजो पार्टीवर वाढलेल्या आम्हा सगळ्यांचे एक समान दुखणे होते: वेग. रॅगटाइम रमत-गमत वाजवावा लागतो. आम्ही तिसऱ्या ओळीपाशी धावत सुटत असू. नाखव्यांनी यावर ओहोटीचा उपाय काढला. पाणी मागे गेले की ते आम्हाला वाद्यांसकट किनाऱ्यावर नेत आणि पाण्याच्या काठाकाठाने चालत वाजवायला लावत. तिथल्या वाळूत पाऊल थोडे रुतते आणि ते उपसून काढायला ठरावीक वेळ लागतोच. लंबकाचे काम वाळू करी. तालमीची वेळ यामुळे रोज बदले, आणि बँडमधल्या प्रत्येकाला भरती-ओहोटीचे गणित तोंडपाठ झाले.

ढोल महेंद्र बडवत असे, आणि आजही बडवतो. तो उरणच्या बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो. रॅगटाइममध्ये काही ठिकाणी सगळी वाद्ये एका ठोक्यानंतर एकदम थांबतात आणि तेवढी जागा निःशब्द राहते. महेंद्रला ती जागा सहन होत नसे. तो तिथे हमखास हळदीतला एक तोडा घुसवी. नाखवा वैतागून म्हणत, "मोकली जागा दिसली की गाडी घालायची, ही सवय हायवेवर ठेव." महेंद्रही कमी नव्हता. जागा सोडली तर मागचा घुसतो, असे त्याचे म्हणणे. नाखवा सुनावत, "घुसू दे की. मंग सगल्यांना दिसंल कोन घुसला तो." आमच्या एका जाहीर कार्यक्रमात महेंद्रने थांबा एकदाचा मोकळा सोडला, तर त्यात सूत्रसंचालकच घुसला, वादन संपले असे समजून त्याने माइकवरून आमचे आभार मानले, सत्काराचा नारळ अनंतकाकांच्या हातात दिला, आणि अनंतकाकांना पुढचा सगळा भाग नारळ काखेत धरून वाजवावा लागला. त्यानंतर महेंद्रने थांबा कधी भरला नाही.

बँडमध्ये कोण का आले हे विचारायचे नाही, असा दंडक होता. मी तीन वर्षे संगीताच्या आवडीने येत होते, निदान तशी माझी अधिकृत भूमिका होती. एका संध्याकाळी शेडमध्ये आम्ही दोघेच असताना मी नाखव्यांना सांगितले, की माझेही मन मुलीवरच जडते. ते ट्रॉम्बोनच्या नळीला तेल लावत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"बरं झालं सांगितलंस गो. आता तो खालचा सूर लागंल. तीन वर्षं श्वास अर्धा आत ठेवून फुंकत होतीस."

मी नंतर तपासून पाहिले. श्वासाविषयीचे त्यांचे निरीक्षण बरोबर होते.

नाखवा गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या थोडे आधी, झोपेत गेले. मी तेव्हा ध्वनिशास्त्रातल्या संशोधनासाठी दूरच्या शहरात होते; पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. भेटायला आलेले लोक त्यांच्या विनोदांच्या आठवणी काढत. मला मात्र त्यांचे एक वाक्य आणि एक दुपार सांगायची आहे. दोन्ही प्राचीच्या लग्नातली.

प्राची ही थोरल्यांची एकुलती एक मुलगी. धाकट्या भावाला थोरल्यांनी कधी घराबाहेर काढले नव्हते. सणावाराला नाखवा त्या घरी जात, जेवत, परत येत, पण एकटे. अनंतकाकांचा उल्लेख त्या घरात 'तुझा तो उरणचा दोस्त' असा होई, आणि तोही क्वचित. बँडचा उल्लेख होतच नसे. आपली माणसे आपल्याला ओळखून घरात घेतील, एवढी एकच गोष्ट नाखव्यांना आयुष्याकडून हवी होती, आणि तीच ते कधी बोलून दाखवत नसत. अशात लग्न ठरल्यावर प्राचीने हट्ट धरला, की हळदीला बेंजो नको, डीजे नको. काकाचाच बँड हवा.

थोरले शेडपाशी आले, ते आयुष्यात पहिल्यांदा. आत न येता दारातच उभे राहिले. पोरीचा हट्ट आहे, तेव्हा बँड तुझाच, असे म्हणाले. मग ढोलाकडे न बघता म्हणाले, "फकस्त ह्याच्यावर कापड टाक. तिच्या सासरची मान्सं येनार हायत." उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले.

महेंद्रचे मत पडले, की एका दिवसाचा प्रश्न आहे. कापड तो आणेल, चांगले साटिनचे, झालर लावलेले. बाकीचेही हळूहळू त्याच बाजूला झुकले. पोरीचे लग्न होते. अनंतकाका क्लॅरिनेटची पट्टी पुसत राहिले. ज्या घरात आपल्याला नाव नाही त्या घराविषयी मत कसे द्यावे, हा त्यांचा पेच सगळ्यांना दिसत होता. मी मात्र तोडगा काढला होता आणि तो मला अचूक वाटत होता. ताणलेल्या चामड्यावर कापड पडले की कंपने दबतात, आवाज मरतो. थोरल्यांना तेवढेच सांगावे: कापड टाकता येत नाही, ढोल वाजणार नाही. वाद नाही, भांडण नाही, आणि नाव उघडेच्या उघडे.

"खरं हाय का हे?" नाखव्यांनी विचारले.

मी म्हणाले, अगदी खरे आहे. हवे तर मोजून दाखवते.

"मंग ते तुझ्या कॉलेजात सांग. माझं कारन ते नाय." त्यांनी ढोलावरची धूळ हाताने पुसली. "जहाजावर असताना लोक विचारायचे, लगीन का नाय केलंस? मी सांगायचो, सुट्टी मिलत नाय. सुट्टी खरंच मिलत नव्हती गो. खऱ्या गोष्टीनं पन खोटं बोलता येतं. मी वीस वर्षं बोललो."

माझ्या शिक्षणात अनेक नामवंत प्राध्यापक आले. विधान खरे असणे आणि ते कारण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यांच्यापैकी कोणीही इतक्या स्वच्छपणे सांगितले नाही. आजही एखादा निष्कर्ष लिहिताना मी स्वतःला हा प्रश्न विचारते, आणि कधीकधी लिहिलेले पान बाजूला ठेवते.

दुसऱ्या दिवशी नाखवा थोरल्यांकडे गेले. अंगणात जाळे विणणे चालले होते. आपले म्हणणे त्यांनी तिथेच सर्वांदेखत सांगितले: बँड आला तर ढोल उघडा येईल. तसा नको असेल तर बँड येणार नाही. काका म्हणून ते एकटे येतील, पोरीला हळद लावतील, जेवतील, आणि मनात काही ठेवणार नाहीत. पण कापड टाकणार नाहीत. थोरल्यांनी हातातली गाठ पुरी केली आणि दुसरी घातली. संध्याकाळी प्राचीचा निरोप आला: काका, तुम्ही फक्त या.

हळदीच्या दिवशी दुपारी ग्रामदेवीला आमंत्रण द्यायला घरातून वाजत-गाजत जातात. निघण्यापूर्वी घरच्या कर्त्याने वाजंत्र्यांच्या ढोलाला हळद-कुंकू लावून नारळ वाढवायचा असतो. त्याशिवाय काठी उचलायची नाही, अशी रीत. आम्ही लाल कोट घालून मांडवासमोर उभे राहिलो. ढोल उघडा होता. सासरकडची काही माणसे आधीच येऊन खुर्च्यांवर बसली होती आणि तीनही ओळी वाचून एकमेकांकडे पाहत होती. थोरले बाहेर येईनात. नाखव्यांनी कॉर्नेट काखेत धरला होता. त्यांचा चेहरा शांत होता, पण कोटाचे वरचे बटण ते पुनःपुन्हा लावत होते, लागलेले असतानाही. अनंतकाका त्यांच्या शेजारी उभे राहिले. या अंगणात ते रांगेच्या शेवटी राहतील, असे आम्हाला वाटले होते.

थोरले आले ते ताट घेऊनच. ढोलासमोर उभे राहून त्यांनी अंगठा हळदीत बुडवला आणि जागा शोधली. जागा नव्हती, अक्षरे कडेपर्यंत भिडलेली होती. हळद-कुंकू ढोलाच्या मध्यावर लावतात, आणि मध्यावर मधली ओळ होती. थोरल्यांनी त्या ओळीवर हळदीचे बोट ओढले, त्यावर कुंकू लावले, आणि नारळ दगडावर फोडला. हे त्यांनी ठरवून केले की भूमितीने त्यांच्याकडून करून घेतले, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

"वाजवा," एवढेच ते म्हणाले.

आम्ही देवळापर्यंतचा तो रस्ता जसा वाजवला तसा त्याआधी किंवा त्यानंतर काहीही वाजवलेले नाही, हे मी अभिमानाने आणि तटस्थपणे, दोन्ही भूमिकांतून नोंदवते. कोणी वेग वाढवला नाही. ओल्या वाळूची गरज पडली नाही. सुरुवातीला वऱ्हाडी बुचकळ्यात होते, कारण गाणे ओळखू येत नव्हते. मग प्राचीची एक मावसबहीण कमरेवर हात ठेवून पुढे आली, तिच्यामागून दुसरी, आणि वळणापर्यंत सासरकडची ती खुर्च्यांवरची माणसेही पायांनी ठेका धरू लागली.

परतल्यावर पंगती बसल्या. वाजंत्री सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या मागे जेवतात. नाखव्यांना घरच्या पंगतीत पान मांडले होते. ते पाहून त्यांनी हात जोडले आणि आपण आपल्या माणसांबरोबर मागेच बसतो असे सांगितले. वहिनी, म्हणजे थोरल्यांच्या पत्नी, भाताचे पातेले हातात घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी आत हाक मारून आणखी पत्रावळी मागवल्या आणि आमचे सगळे लाल कोट घरच्या पंगतीत बसले. मी महेंद्रच्या शेजारी होते, समोर थोरले, आणि त्यांच्यापासून दोन पाने सोडून नाखवा आणि अनंतकाका.

वाढता वाढता वहिनी अनंतकाकांपाशी आल्या. काकांनी संकोचाने पानावर हात आडवा धरला. वहिनी म्हणाल्या, "हात काढा भावजी. आपल्या घरात लाज कसली?"

दिराला म्हणायचा हा शब्द.  अनंतकाकांनी हात काढला. रश्श्याची वाटी त्यांनी उगाच डावीकडून उजवीकडे सरकवली. नाखव्यांनी मान वर केली नाही. सगळ्यांचे डोळे थोरल्यांकडे गेले. ते घास चावत होते. तो गिळून, पाणी पिऊन, ते बायकोला म्हणाले, "त्याच्या पानावर मीठ जास्त ठेव. मिठागरवाल्यांच्या घरचा हाय तो. आपलं जेवान त्याला अलनीच लागनार."

थोरले चेष्टा फक्त आपल्या माणसांची करत. परक्याशी ते अदबीने वागत, आणि इतकी वर्षे, बाहेर कुठे गाठ पडली की, अनंतकाकांशी ते अतिशय अदबीने वागत आले होते.

अनंतकाका, ज्यांना मी कधी उलट उत्तर देताना ऐकले नव्हते, हळूच म्हणाले, "आमचं मीठ नसतं, तर तुमची मासळी खारवली असती कशात?"

आधी प्राची हसली, मग वहिनी, मग सगळी पंगत.  थोरले मान हलवत भात कालवू लागले. नाखव्यांना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. शेवटी रुमालाने तोंड पुसायचे निमित्त करून त्यांनी चेहरा झाकला. वहिनी मिठाचे भांडे घेऊन आल्या आणि दोन्ही भावजींच्या पानांवर वाढून पुढच्या पानाकडे वळल्या.